लांब राहणारं गिऱ्हाईक

प्रिय ताई,

तुला मी कधी पाहिलेलं नाही. तुझा फोटोही आमच्याकडे नाही. पण तुझ्या पायाचं माप मला तोंडपाठ आहे, आणि तेवढ्याच ओळखीवर हे पत्र लिहायला बसले आहे. मी सुक-यी, तुझी धाकटी बहीण. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मले, इथेच वाढले, टपाल कचेरीत पत्रं गावोगाव वेगळी करण्याची नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी आईचं दुकान उघडून बसते. माझ्या पाठचा एक भाऊ आहे, बेनी. तो दातांचा डॉक्टर आहे आणि स्वतःचे दात काढायची संधीही सोडत नाही. आपली आई मागच्या पानगळीत गेली. तुला ते कळलं की नाही हेच मला समजेनासं झालंय, म्हणून इतके दिवस लिहायला हात धजत नव्हता.

शेवटी शेवटी आईला खूप ताप असायचा. एका सकाळी नर्स गोळ्या घेऊन आली आणि खात्री करायला म्हणून तिने सहज नाव विचारलं. मी तो प्रश्न आईला आपल्या भाषेत सांगितला, तर आई पडल्या पडल्या ताठ झाली. दोन्ही हात सरळ मांड्यांना लावून म्हणाली, "लुई बिक-हा. बाप लुई, व्यापारी. घराचं दार तळ्याकडे. जिना डाव्या हाताला. तांदळाचं पिंप जिन्याखाली." नर्सला त्यातलं नाव तेवढं कळलं, ती मान हलवून गेली. मी आईच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हटलं, आई, मी आहे गं, इथे दुसरं कोणी नाही, तुझं खरं नाव काय ते मला सांग. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती, नुसती सावधगिरी होती. "कालच सांगितलं ना, साहेब," ती म्हणाली, "तेच नाव." त्यानंतर ती फारसं बोलली नाही. आपली आई मला साहेब समजून गेली, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, बेनीलाही नाही.

नाव उसनं आहे एवढं आम्हाला अर्धवट ठाऊक होतं. चायनाटाऊनमध्ये निम्म्या घरांची नावं उसनी, त्यामुळे त्यात लाजण्यासारखं काही वाटायचं नाही आणि त्याबद्दल बोलायची पद्धतही नव्हती. बाकीचं मला या हिवाळ्यात आईच्या जुन्या मैत्रिणीकडून, खाम मावशीकडून कळलं. बाबा इथे लाँड्रीत इस्त्री करायचे. त्या काळी व्यापाऱ्याला चीनमधून बायकापोरं आणता यायची, मजुराला नाही. मग लुई नावाच्या व्यापाऱ्याची लग्न न झालेली मुलगी म्हणून आई बोटीत बसली. बंदरासमोरच्या बेटावर सरकारी साहेब सगळ्यांना अडकवून ठेवत आणि घराबद्दल प्रश्न विचारत. जिना कुठे, खिडक्या कुठे, शेजारी कोण. जे घर तिने जन्मात पाहिलं नव्हतं त्याचा कोपरा न् कोपरा तिने पाठ केला होता. सुटून आल्यावर तिने आपल्याच नवऱ्याशी पुन्हा लग्न लावलं. मावशी हसून सांगत होती की त्या लग्नात बाबा खरोखरच लाजले. पण लग्न न झालेल्या मुलीच्या कडेवर लेकरू कसं चालेल? म्हणून तुला आजीजवळ ठेवलं. ताई, तू आहेस हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

आईचं दुकान कसलं, हे तुला सांगायला नको. गेलेल्या माणसाला तिकडे राहायला घर लागतं, अंगावर कपडे लागतात, आणि इथून कागदाचे करून जाळल्याशिवाय ते त्याला पोचत नाहीत. आई दिवसभर शिवणाच्या कारखान्यात मान मोडून काम करायची आणि घरी येऊन बांबूच्या कामट्या तासायला बसायची. सुरुवातीला दुसऱ्यांच्या दुकानासाठी, बाबा गेल्यावर स्वतःच्या. शिकवलं कुणी नाही. पिठाची खळ, पतंगाचा कागद आणि थोडी बेगड दिली की ती काय वाटेल ते उभं करायची. चहाची किटली करायची ती अशी की झाकण निघायचं. एका विधवेने नवऱ्यासाठी पत्त्यांचं टेबल मागितलं आणि वर म्हणाली, एक पाय आखूड ठेवा, तिथे तरी जिंकू नये त्याने. आईने अगदी गंभीर तोंडाने पाय आखूड ठेवला, आणि बाई गेल्यावर इतकी हसली की खळीचं भांडं उपडं झालं. तिचे हात कधी रिकामे नसत. बसमध्ये तिकिटाचाही बेडूक व्हायचा. लोक लांबून तिच्याकडे यायचे. पण एक गोष्ट मला लहानपणापासून खटकायची. तिची सगळी घरं एकसारखी असायची. दोन मजले, पुढे तळं, डाव्या हाताला जिना, जिन्याखाली पिंप. गिऱ्हाइकाने कितीही सांगितलं की आमचं गावाकडचं घर बुटकं होतं, तरी आई होय होय म्हणून तेच करायची. मला वाटायचं तिला दुसरं येत नाही. आता वाटतं, तिला दुसऱ्या घराबद्दल बोलण्याची भीती होती, हातांनीसुद्धा.

ती गेल्यावर तिच्यासाठी घर जाळायचं होतं. घर करणाऱ्याने स्वतःचं घर स्वतः करायचं नसतं, म्हणून ओकलंडच्या एका कारागिराकडून करवून घेतलं. चांगलं होतं, तिच्यासारखं नव्हतं. दारावर चिकटवायच्या पट्टीवर मी माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं, लुई बिक-हा. दुसरं लिहिणार काय? थडग्याच्या दगडावर तेच, पासपोर्टवर तेच. घर छान पेटलं, राख सरळ वर गेली, सगळ्यांनी माना डोलावल्या. ताई, चुकीच्या नावाच्या टपालाचं काय होतं ते मला विचार, माझी भाकरीच त्यावर आहे. ते हरवत नाही, कुणा भलत्याच्या दारात जाऊन पडतं. तिकडेही तसंच असतं म्हणतात. पट्टीवरच्या नावाचा धनी पुढे आला नाही की बेवारस भुतं घर लुटून नेतात.

तेव्हापासून आई येते. स्वप्नात येते तेव्हा जिन्यावर उभी असते, चपला हातात, किल्ली विसरलेल्या माणसासारखी. रागावलेली नसते. कुणीतरी दार उघडेल म्हणून बाजूला सरून उभी असते, आणि तेच मला बघवत नाही. स्वप्न म्हणून सोडून दिलं असतं, पण मग दुकानात सुरू झालं. ती गेल्यावर मी खळ केलेली नाही, तरी भर दुपारी दुकानात ताज्या खळीचा वास येतो. कोपऱ्यातल्या कामट्या, कुणी वाकवून बघावं तशा, कुरकुरतात. तिचा कुंचला खिळ्याला टांगलेला आहे, तो वाळून काठीसारखा कडक व्हायला हवा होता. परवा हात लावला तर मऊ होता आणि माझ्या बोटाला ओल लागली. समोरचा बदकं भाजणारा म्हातारा मला म्हणाला की तुझ्या आईला आत का घेत नाहीस, दाराशी उभी असते बिचारी. मी त्याला विचारलं, तिने अंगात काय घातलं होतं. म्हणाला, ते नाही बघितलं, पण पाय ओले होते.

बेनीला सांगितलं तर त्याने कपाळावरचा दिवा सरळ केला आणि म्हणाला, "सरकारला जे नाव इतकी वर्षं चाललं ते यमाला चालत नाही? कमाल आहे." त्याची चेष्टा मी मनावर घेतली नसती, पण त्याच्या बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं की तो हल्ली मागचं दार लावू देत नाही. मांजरासाठी म्हणे. त्यांच्याकडे मांजर नाही.

म्हणून मी खाम मावशीकडे गेले. ही आपली मावशी म्हणजे बेटावरच्या बराकीत आईच्या शेजारच्या खाटेवर असलेली बाई. ऐंशीच्या घरात आहे, बागेत बसून पत्ते खेळते, हरली की चष्म्याला दोष देते. मी तिला आईचं खरं नाव विचारलं. ती म्हणाली, "वेडी की काय? तिथे कुणी कुणाला खरं नाव विचारायचं नसे. विचारणाऱ्या बाईजवळ आम्ही झोपत नव्हतो." मग बाबांनी तरी तिला नावाने कधी हाक मारली असेल, असं मी म्हटलं. मावशी हसायला लागली. बाबा आईला काय म्हणायचे ते मलाही आठवलं. अगं सुक-यीची आई. आणि मी जन्मायच्या आधी नुसतं अगं. गावाला विचारावं तर कागदावरचं गाव लुईचं. बाबांचंही आडनाव उसनंच, तेव्हा त्यांचं खरं गाव कुठलं हेही कुणाला माहीत नाही. मी जे फोंग आडनाव लावते ते कुणाचं आहे देव जाणे, तो माणूस बिचारा तिकडे माझी वाट बघत असेल.

मग मावशीने तुझं सांगितलं. वर सांगितलं ते सगळं तेव्हाच सांगितलं. ऐकता ऐकता मला आधी राग आला, आईचा, बाबांचा, त्या बेटाचा, आणि तुझाही थोडा, कारण इतकी वर्षं मी थोरली म्हणून मिरवत होते. पण रागाच्या पाठोपाठ मनात लख्ख उजेड पडला. म्हटलं, सुटलो. ताई आहे तर ताईला माहीत असणार. आजी सुनेला काय म्हणून हाक मारायची, माहेरची माणसं काय म्हणायची, लहान पोरांच्या कानावर सगळं पडत असतं. हल्ली चीनला पत्रं जातात, माझ्याच हाताखालून जातात. तिला शोधू, तिला विचारू, पट्टीवर खरं नाव लिहू आणि नवीन घर जाळू. मी मावशीचा हात धरून विचारलं, "ती कुठे असते? नाव काय तिचं?"

मावशीने पत्ते खाली ठेवले. तिने मला उलट विचारलं, "छिंगमिंगच्या आधी तुझी आई त्या डब्यात जाळायची, त्याला काडी कोण लावायचं?"

आता तुला गिऱ्हाइकाबद्दल सांगते. दरवर्षी छिंगमिंगचा, थडगी साफ करायचा दिवस जवळ आला की आई एक लहानसं काम हाती घ्यायची. त्याचा ती कुणाकडून पैसा घ्यायची नाही. मी सहा वर्षांची होते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एक फुलाफुलांचा झगा आणि मुलीचे कागदी बूट, माझ्या बुटांपेक्षा बरेच मोठे. आम्ही दोघीच गच्चीवर जायचो, तेलाच्या रिकाम्या डब्यात ते ठेवायचो आणि ती माझ्या हातात काडी द्यायची. मला म्हणायला लावायची, लानहो, घे. मी विचारलं, ही कोण. आई म्हणाली, "गिऱ्हाईक आहे. लांब राहतं, यायला जमत नाही." मग तू का नाही काडी लावत, मी का, असं विचारलं तर म्हणाली, "तू लहान आहेस म्हणून." मला ते पटलं. लहानांना काडी ओढायला कोण देतं, मी खूशच होते. पोचलं कशावरून, असंही मी विचारायचे. आई म्हणायची, तक्रार आली नाही.

पुढच्या वर्षी बूट जरा मोठे झाले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी जरा. माप बघायला ती शेजारच्या एका मोठ्या मुलीला बोलवायची, तिला संत्रं द्यायची आणि तिचं पाऊल कागदावर काढून घ्यायची. एका वर्षी लाल रंगाचा लग्नाचा घागरा केला, त्यावर बेगडीचा पक्षी, पिसं सुटी, फुंकर मारली की हलायची. मी तेव्हा चौदाची होते आणि मत्सराने नुसती जळत होते. गिऱ्हाइकाचं लग्न आहे, आई म्हणाली. त्या दिवशी गच्चीवर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि धुराने डोळे झोंबतात म्हणाली. धूर दुसरीकडे जात होता. नंतर पाय वाढायचे थांबले, पण कपडे बदलत गेले. लोकरीचा कोट, बसकी बाजाराची पिशवी. अगदी अलीकडे तिने तारेला कागद गुंडाळून चष्मा केला. मी चेष्टेने म्हटलं, तुझं गिऱ्हाईक म्हातारं व्हायला लागलं वाटतं. ती म्हणाली, हो ना, बघता बघता.

युद्धाच्या काळात इकडून पाठवलेलं काही तिकडे पोचत नव्हतं, मावशी सांगत होती. एका वर्षी गावात भातच नव्हता. आधी तू गेलीस, मग आजी. युद्ध संपल्यावर गावाकडचा एक माणूस आला, त्याने लाँड्रीच्या मागच्या खोलीत बाबांना सांगितलं आणि बाबांनी आईला. आईला रडताही येईना. पोरगी होती हे सरकारला कळलं असतं तर व्यापाऱ्याची लग्न न झालेली मुलगी खोटी ठरली असती, बाबा खोटे ठरले असते आणि आम्ही सगळे बोटीने परत गेलो असतो. शोक करायलासुद्धा तिच्याजवळ कागद नव्हते, म्हणून तिने ते स्वतः केले. पण मोठ्यांनी लहानांसाठी जाळायचं नसतं, आईने लेकीसाठी तर नाहीच. आईच्या हातून काडी लागली तर ते तुला घेता आलं नसतं. धाकट्या बहिणीच्या हातून चालतं. तू लहान आहेस म्हणून, ती म्हणाली होती. कुणापेक्षा, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मावशीकडून मी थेट दुकानात आले आणि खूप रडले. तुझ्यासाठी रडले की तिच्यासाठी, मला सांगता येणार नाही. रडता रडता वर पाहिलं तर सगळ्यात वरच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. खाली काढलं. घर होतं, पण ते नेहमीचं घर नव्हतं. बुटकं, एका दाराचं, मातीच्या रंगाचं. तळं नाही, जिना नाही. चुलीवर भांडं, भांड्याला झाकण, झाकण निघतं आणि आत कागदाचा भात, दाणा न् दाणा सुटा. दाराशी पेरूचं झाड आणि त्याच्या फांदीला एक फ्रॉक वाळत घातलेला. आत दोन अंथरुणं. उंबऱ्याबाहेर बाईमाणसाच्या चपलांचा एक जोड, आत शिरताना काढून ठेवल्यासारखा. दारावर पट्टी चिकटवलेली होती, कोरी. तुला उद्देशून केलेलं ते घर होतं, आणि त्यात स्वतःसाठी तिने जे काही केलं होतं ते एवढंच, उंबऱ्याबाहेरच्या त्या चपला.

उद्या छिंगमिंग आहे. आम्ही कोल्माच्या दफनभूमीत जाणार आहोत, बेनी कोंबडी आणि संत्री घेऊन येतोय, घर गाडीत बसावं म्हणून त्याने मागची सीट काढून टाकली आणि एका शब्दानेही चेष्टा केली नाही. पट्टीवर मी नाव लिहिलं आहे, लानहो. आडनाव लिहिलेलं नाही, आपलं आडनाव मला माहीत नाही. पण आमच्या सगळ्या घरात खरं नाव एकटीचं आहे, तुझं, आणि त्या नावावर गेलेल्याची आजवर तक्रार आलेली नाही. हे पत्र मी चुलीजवळ ठेवणार आहे, म्हणजे घरात आल्यावर तुला लगेच दिसेल. वाचायला चष्मा आहेच. ताई, माझं एवढं काम कर. घर ताब्यात घेतलंस की दार उघड आणि बाहेर बघ. एक म्हातारी बाई हातात चपला घेऊन उभी असेल, तिचे पाय ओले असतील. तिचं नाव विचारू नकोस, ती भलतंच सांगेल. तू फक्त आई म्हण, तिला तेवढं कळेल. मग तिला आत घे आणि गरम भात वाढ. काडी नेहमीसारखी मीच लावणार आहे, लहान मीच ना.

तुझीच धाकटी,
सुक-यी